घोडी नाचली, पण तिचं तोंड कुणी पाहिलं?

मागच्या लग्नसराईत चुलत भावाचं लग्न होतं. नारायणगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात. आमच्याकडं लग्नाच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या पारापर्यंत वाजतगाजत नेतात. परण्या म्हणतात त्याला. तर परण्या निघाला. पुढं बँजो, त्याच्यापुढं आम्ही सगळे. पाराजवळ आल्यावर नवरदेवाला खाली उतरवलं आणि घोडीवाल्या मामांनी घोडी नाचवायला घेतली. आधी जागच्या जागी पाय उचलणं, मग मागच्या पायांवर उभं राहणं. आणि मग एक भारी गोष्ट झाली. घोडी आडवी चालायला लागली. तोंड आमच्याकडं, पण पावलं बाजूला. पुढचा पाय दुसऱ्या पायाला ओलांडून टाकत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. लोकांनी नोटा ओवाळल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी काय केलं? मी रील काढला.

दोन दिवसांत त्या रीलला बारा हजार व्ह्यूज आले. माझ्यासाठी हा आकडा मोठाच होता. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या मैत्रिणीचा मेसेज आला. ती परभणीला व्हेटर्नरी करते. तिनं एवढंच लिहिलं होतं, ‘स्लो करून बघ. पाय नको बघू, तोंड बघ.’

बघितलं. घोडीचं तोंड आ वासलेलं होतं. जीभ एका बाजूला आली होती. प्रत्येक पावलाआधी दोरीला एक हिसका बसत होता. शेपूट सारखं फटकारत होती. आणि ओठाच्या कोपऱ्यात जो फेस होता तो पांढरा नव्हता, गुलाबी होता. हे सगळं माझ्यापासून सहा फुटांवर चाललं होतं. मोबाइलच्या स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं. तरी मला दिसलं नव्हतं, आणि व्हिडिओ बघणाऱ्या बारा हजारांपैकी कुणी तसं लिहिलंही नव्हतं.

तीच पावलं, तिकडं सुवर्णपदक

घोड्याचं हे आडवं चालणं जगात एका खेळाचा महत्त्वाचा भाग आहे. त्या खेळाचं नाव ड्रेसेज. २६ सप्टेंबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊ इथं आशियाई खेळांमध्ये भारतानं या प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. संघात चौघं होते. इंदूरची सुदीप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंह, कोलकात्याचा अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. संघातल्या सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात. अनुषचे ७१.०८८, हृदयचे ६९.९४१ आणि दिव्यकृतीचे ६८.१७६, मिळून २०९.२०५. घोडेस्वारीत भारताला याआधीचं आशियाई सुवर्ण १९८२ च्या दिल्ली स्पर्धेत मिळालं होतं, म्हणजे मधे ४१ वर्षं गेली. नंतर अनुषनं वैयक्तिक कांस्यही मिळवलं आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ड्रेसेज प्रकारात उतरणारा तो पहिला भारतीय ठरला.

या खेळात शर्यत नसते, अडथळ्यांवरून उड्या नसतात. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानात घोडा आणि स्वार ठरलेल्या हालचाली करून दाखवतात. प्रत्येक हालचालीला पंच ० ते १० गुण देतात. हांगझोऊत संघांनी जी परीक्षा दिली तिच्यात दुडकी चालीत तिरपं जाणं होतं, अंग वळवून चालणं होतं, पळता पळता पुढचा पाय बदलणं होतं.

थोडक्यात, पारासमोरची घोडी आणि हांगझोऊचा घोडा बरंचसं सारखं काम करतात. प्रश्न एवढाच आहे की ते काम त्यांना शिकवलं कसं.

घोडा आडवा चालायला शिकतो कसा?

घोड्याचं शरीर पुढं पळण्यासाठी बनलंय. बाजूला सरकणं त्याला येतं, पण लागलं तेवढंच. माशी बसली, कुत्रं आलं, तर तो एखादं पाऊल बाजूला टाकतो. ड्रेसेजमध्ये याच नैसर्गिक पावलाला हळूहळू वळण लावतात.

पहिली पायरी जमिनीवरून. माणूस घोड्याच्या शेजारी उभा राहून त्याच्या बरगडीपाशी बोटांनी हलकं दाबतो. घोडा एक पाऊल बाजूला सरकला की दाब लगेच बंद. इथं ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. घोडा शिकतो ते दाबामुळं नाही, दाब थांबतो त्या क्षणामुळं. घरी आई ‘उठ, पाणी भर’ म्हणत राहते आणि आपण उठलो की आवाज बंद होतो. दोन-चार दिवसांनी ती नुसती दारात आली तरी आपण उठतो. तसंच हे. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला ‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट’ म्हणतात. नाव ऐकून शिक्षा वाटते, पण ती शिक्षा नाही. त्रास हलका असतो आणि तो थांबवणं घोड्याच्या हातात असतं.

मग पाठीवर बसून. स्वार एका पायानं हलका दाब देतो आणि घोडा पुढं जाता जाता दुसऱ्या बाजूला सरकतो. अंग जवळपास सरळ, चाल तिरपी. याला ‘लेग-यील्ड’ म्हणतात. लाल परीत गर्दीतून वाट काढताना आपण पुढंही जातो आणि बाजूलाही सरकतो, तसा प्रकार.

त्यानंतर ‘शोल्डर-इन’. घोडा मैदानाच्या कडेनं चालतोय असं समजा. मागचे पाय कडेवरच राहतात, पण खांदे थोडे आत येतात आणि अख्खा घोडा स्वाराच्या आतल्या पायाभोवती किंचित वाकतो. समोरून बघितलं तर पायांच्या दोनऐवजी तीन रांगा दिसतात. अठराव्या शतकातल्या ला गेरिनिएर नावाच्या फ्रेंच घोडेशिक्षकानं ही हालचाल नीट बसवून लिहून ठेवली आणि आजही ती सगळ्या प्रशिक्षणाचा पाया मानली जाते. कारण ती दाखवण्यासाठी नाहीच, ती व्यायाम आहे. त्यामुळं आतला मागचा पाय शरीराखाली येतो, जास्त वजन पेलतो आणि घोडा हळूहळू पुढून हलका होतो.

सगळ्यात शेवटी ‘हाफ-पास’. घोडा ज्या दिशेला जातोय त्याच दिशेला वाकलेला आणि पाय एकमेकांना ओलांडणारे. हेच बघायला सुंदर दिसतं. आणि हेच सगळ्यात अवघड, कारण शरीर एकीकडं वाकवून त्याच बाजूला सरकायचं तर ताकद, तोल आणि लवचिकपणा तिन्ही लागतात.

माणूस जसा डावखुरा-उजवा असतो तसा घोडाही एका बाजूला ताठ असतो. त्यामुळं दोन्ही बाजूंवर वेगवेगळी मेहनत लागते. आडव्या चालीनं सांध्यांवर ताण येतो, म्हणून एका वेळी थोडीच पावलं, मग सरळ चालवणं, मग लगाम सैल सोडून विश्रांती. एवढं करून हांगझोऊच्या पातळीचा घोडा तयार व्हायला वर्षं लागतात. महिने नाही, वर्षं.

मराठीत एक जुना शब्द आहे, चाबुकस्वार. कुणाचं आडनाव म्हणून आपण तो ऐकतो. त्याचा मूळ अर्थ घोड्याला चाल शिकवणारा, त्याला फिरवून तयार करणारा. म्हणजे हे काम आपल्याकडं इतकं महत्त्वाचं होतं की त्याचा पेशा होता. पण त्या शब्दात चाबूक आधी येतो आणि स्वार नंतर. घोळ इथूनच सुरू होतो.

घाईचा रस्ता

वर्षं लागणारं काम महिन्याभरात हवं असेल तर दुसरा रस्ता आहे. दुखवा. बाजूला सरकला नाही तर दुखेल, सरकला तरी पुढच्या पावलासाठी दुखेल. घोडा घाबरून पाय उचलतो. लांबून बघणाऱ्याला ते नाचणंच वाटतं. घोडा हा कळपातला, शिकार होणारा प्राणी. दुखलं तरी तो कुत्र्यासारखा केकाटत नाही. त्याचं दुखणं कान, डोळे, शेपूट आणि तोंडात दिसतं. ते वाचता आलं नाही तर दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, हे आपल्या खेड्यातच होतं, तिकडं शिकले-सवरलेले लोक असतात. तर शार्लट दुजार्दिनची गोष्ट ऐका. ब्रिटनची ही ड्रेसेजपटू. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं, एकूण सहा पदकं. जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिम्पिक तीन दिवसांवर आलेलं असताना तिनं माघार घेतली. कारण एक व्हिडिओ. एका विद्यार्थ्याला शिकवताना ती लांब चाबकानं घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा मारत होती. तक्रार करणाऱ्यांच्या वकिलानं सांगितलं, एका मिनिटात २४ पेक्षा जास्त फटके. तिनं माफी मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघानं तिच्यावर एक वर्षाची बंदी आणि १० हजार स्विस फ्रँकचा दंड लावला.

म्हणजे पैसा, शिक्षण, पदकं सगळं असूनही घाईचा रस्ता मोह घालतो. फरक कुठं आहे? तिकडं कुणीतरी व्हिडिओ काढला तो तक्रार करायला. मी काढला तो व्ह्यूजसाठी.

बघणारे बदलले की खेळ बदलतो

आणखी एक उदाहरण. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन नावाच्या स्पर्धेत जर्मनीची खेळाडू पहिल्या क्रमांकावर होती. या खेळात घोडा चिठ्ठी टाकून मिळायचा, ओळख करून घ्यायला २० मिनिटं. तिला मिळालेला ‘सेंट बॉय’ नावाचा घोडा उडी मारायला तयारच होईना. ती त्याच्यावर बसून रडत होती आणि तिच्या प्रशिक्षकानं घोड्याला बुक्की मारली. हे जगानं टीव्हीवर पाहिलं. लोक इतके चिडले की पॅरिसनंतर या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरलं. शंभरहून जास्त वर्षांची परंपरा बघणाऱ्यांच्या रागामुळं संपली.

मला वाटतं, आपल्या चर्चेत हा मुद्दा सुटतो. आपण दोनच बाजू घेतो. एक गट म्हणतो, ही आमची परंपरा आहे, बोलायचं नाही. दुसरा म्हणतो, सगळं बंद करा. पण परण्यातली घोडी कशी नाचते हे ठरवतो कोण? घोडीवाला? अर्धंच. उरलेलं अर्धं ठरवतो ओवाळलेली नोट आणि रील. घोडी दोन पायांवर उभी राहिली की जास्त नोटा पडतात, शांत चालली की ‘घोडी मरगळलेली आहे’ म्हणतात. बाजार असाच चालतो. आणि त्या बाजारातलं गिऱ्हाईक तुम्ही-मी आहोत, विशीतले, पहिल्या रांगेत मोबाइल धरून उभे असलेले.

कायदा आहे, दंड दहा रुपये

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत स्वारीसाठी किंवा जनावर ताब्यात ठेवण्यासाठी काटे, गाठी असलेला लगाम वापरायला स्पष्ट मनाई आहे. म्हणजे काटेरी लगाम साठ वर्षांपासून बेकायदा आहे. तरी तो मिळतो, विकला जातो, वापरला जातो. एक कारण मूळ कायद्यातच आहे. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. १९६० साली ती रक्कम ठीक असेल. आज पारासमोर एका ओवाळणीत याच्या दसपट पडतात.

पण फक्त दंड वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या घोडीवाल्या मामांना पुन्हा पाहिलं होतं. गावातच लिंबाखाली घोडी बांधून ते चहा पीत होते. तेव्हा मैत्रिणीचा मेसेज यायचा होता, त्यामुळं मी कौतुकानंच विचारलं, ही एवढं कुठं शिकली? त्यांनी सांगितलं की घोडी माळेगावच्या यात्रेत घेतली, नाचायला शिकवलेलीच होती आणि लगामही तिच्याबरोबरच आला. लग्नसराईचे थोडे महिने कमाई, बारा महिने कडबा आणि खुराक. नाचली नाही तर लोक दुसरी घोडी सांगतात. बोलता बोलता ते तिच्या मानेवरून हात फिरवत होते आणि घोडी डोळे मिटून उभी होती. लगाम शेजारी खुंटीला टांगलेला होता. त्याच्या मधल्या भागाला बारीक दाते होते. मी तेही पाहिलं. आणि नक्षी समजले.

मामा वाईट माणूस नाहीत. त्यांना दुसरा रस्ता कुणी दाखवलेलाच नाही.

मग दुसरा रस्ता दाखवणार कोण?

खरी अडचण इथं आहे. घोड्याला न दुखवता शिकवण्याची विद्या भारतात आहे, पण ती मोजक्या ठिकाणी. लष्कराकडं, खडकवासल्याच्या एनडीएत, मुंबईत महालक्ष्मीच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या जुन्या क्लबांत. बीड, नांदेड, नंदुरबारच्या ज्या लोकांच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या घोडे आहेत त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. हांगझोऊच्या संघातले घोडे आणि स्वार दोन्ही युरोपात राहून तयार झाले. याला पैसा हे एक कारण, आणि दुसरं कारण घोड्यांचे आजार. आजारांच्या भीतीनं भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला नेणं फार कठीण होतं. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रात भारतातला पहिला ‘घोड्यांसाठीचा रोगमुक्त विभाग’ तयार होऊन त्याला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्यामुळं इथं वाढलेला घोडा परदेशी नेण्याचा दरवाजा थोडा उघडला. सप्टेंबर २०२६ मध्ये जपानमध्ये आशियाई खेळ आहेत, तेव्हा या सगळ्याची पुन्हा चर्चा होईलच.

पण मेरठचा दरवाजा उघडून माळेगावला काय फायदा? सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, चेतक फेस्टिव्हलमध्ये घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धा होतात. तिथं पंचांनी नाचाबरोबर घोड्याच्या तोंडाचेही गुण ठेवले तर? काटेरी लगाम दिसला की घोडा बाद, एवढा एकच नियम केला तर? हांगझोऊत गुणपत्रिकेवर घोडा किती मोकळा आहे, ताणात आहे का, हेही बघतात. आपल्या यात्रांना यासाठी परदेशी घोडा नको, कोटींचं मैदान नको. लागतो तो तपासणारा एक पशुवैद्य, आणि परभणी, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. महाराष्ट्राचा स्वतःचा भीमथडी घोडा २०२४ च्या सुरुवातीला स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. जातीची नोंद झाली, तिला शिकवण्याच्या पद्धतीचं काय?

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांच्यासाठी एक सांगते. एनसीसीत रिमाउंट अँड व्हेटर्नरी नावाची शाखा असते. तिथं कॅडेटना घोडेस्वारी शिकवतात आणि त्यासाठी घरी घोडा असावा लागत नाही. आपल्या कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्याला जवळचं युनिट कुठलं ते विचारा.

पुढच्या परण्यात काय बघायचं?

मैत्रिणीनं मला जे शिकवलं ते असं. तोंड मिटलेलं असून घोडा लगाम हळू चघळत असेल आणि ओठावर थोडा पांढरा फेस असेल तर ठीक. तोंड आ, जीभ बाहेर, फेस गुलाबी, म्हणजे दुखतंय. कान एक पुढं एक मागं हलत असतील तर तो ऐकतोय. दोन्ही कान मागं चिकटलेले आणि डोळ्याचं पांढरं दिसतंय, तर घाबरलाय. शेपूट सैल हलली तर बरं, सारखी फटकारली तर नाही. पावलांचा ताल एकसारखा असेल तर घोडा शिकलेला आहे. मधेच झटका, मधेच उडी असेल तर त्याच्याकडून जबरदस्तीनं करून घेताहेत.

आणि शांत चाललेल्या घोडीलाही नोट ओवाळा. तिच्यासाठी शिट्टी वाजवा. घोडी ठरवताना आधीच सांगा, काटेरी लगाम नको, साधा लावा, पैसे तेवढेच देऊ. परण्या घरचाच असतो, पैसे घरचेच जातात, मग अट घालायला काय हरकत आहे?

आमच्या भागातून आषाढीला लोक पंढरीला जातात. नारायणगडाला तर धाकटी पंढरीच म्हणतात. पालखीच्या रिंगणात माऊलींचा अश्व धावतो, त्याच्या पाठीवर स्वार नसतो. तो धावून गेला की त्याच्या टापेखालची माती उचलून आपण कपाळाला लावतो. घोड्याबद्दल एवढा भाव असलेली माणसं आपण. परण्यात फक्त थोडं वर बघायचंय, टापेपासून तोंडापर्यंत.

तो रील मी डिलीट केला नाही. कॅप्शन बदललं. आधी लिहिलं होतं, ‘आमच्या गावाकडचा स्वॅग’. आता लिहिलंय, ‘पाय नका बघू, तोंड बघा’. व्ह्यूज वाढले नाहीत. पण मेच्या मुहूर्तावर दुसऱ्या चुलत भावाचं लग्न आहे आणि काल आत्यानं फोन करून विचारलं, तो साधा लगाम कुठं मिळतो गं?